कोविडमधली एमएलसी ड्यूटी: इंदूरच्या कॅज्युअल्टीतून, नव्या इंटर्न्ससाठी

ज्युनियर मुली हल्ली विचारतात, ताई पहिली एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची नोंद, कशी लिहायची, हात कापतात. मला जे काही येतं ते 2020 च्या ड्यूट्यांत आलं म्हणून तिथूनच सांगते. इंदूरला एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर म्हणून मी तेव्हा नवीनच लागले होते.

25 मार्चला लॉकडाऊन लागला, एबी रोड (शहरातून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता) ओस पडला आणि बाइक-ट्रकचे रोजचे अपघात जवळजवळ थांबलेच. देशाच्या आकड्यांतही ते दिसतं, 2019 ला साडेचार लाखांच्या आसपास रस्ते अपघात होते, 2020 ला 3,66,138. आत्महत्या मात्र 1,39,123 वरून 1,53,052 वर गेल्या. म्हणजे रजिस्टर रिकामं दिसायचं पण जे यायचं ते घरातलं असायचं, आणि घरातलं लिहायला फार जड जातं.

त्यात सल्फास, म्हणजे धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या विषारी गोळ्या. मार्च-एप्रिलला माळव्यात गहू घरात येतो, कोठीत टाकायच्या गोळ्या हाताशी असतात, आणि त्यावर अँटीडोट नाही. पुस्तकात लिहिलंय लसणासारखा वास येतो. एन-95 आणि वर फेसशील्ड असताना कसला वास येणार? दारूचंही तेच. मी पहिल्यांदा सवयीने "वास नाही" असं लिहिलं तेव्हा सिनियर सरांनी पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, वास नव्हता की तुला आला नाही? ते ऐकून मी गार पडले. तेव्हापासून "मास्कमुळे वास तपासता आला नाही" असं स्पष्ट लिहायला लागले, आणि पोटातून निघालेला पहिला नमुना सील करायच्या आधी सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा पडतो का (सल्फासचा गॅस असला की पडतो) तेही नोंदवायचे.

लोक उशिरा यायचे हाही मोठा फरक. हॉस्पिटलात गेलो तर टेस्ट करतील, क्वारंटाइनला नेतील ही भीती, मग तीन-चार दिवस घरीच हळद लावून बसायचे. त्यामुळे जखमेचं वय नीट बघा. मुका मार आधी लाल, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. एक बाई आली होती, "सीढ़ी से गिर गई" म्हणाली. एरवी नवरा शेजारी उभा राहून तोच सगळं सांगतो, पण तेव्हा नातेवाइकांना आत बंदी होती, तो गेटबाहेर. मी स्टूल जवळ ओढून परत एकदा विचारलं, बऱ्याच वेळाने तिने बाही वर केली, दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल डाग, दोन जांभळे, दोन पिवळे. म्हणजे एका दिवसाचा मार नव्हता तो. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहिले, डागांची मापं सेंटिमीटरमध्ये आणि रंग वेगवेगळे. कोविडचा तो नियम गेला तरी ही सवय सोडू नका, बाईशी एकटीशी बोला, सोबत नर्स ठेवा.

उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा केसमध्ये 1989 लाच सांगितलंय, त्यामुळे आरटी-पीसीआरचा रिपोर्ट किंवा पोलीस यायची वाट बघत पेशंट अडवायचा नाही. कलमं आता बदललीत, 1 जुलै 2024 पासून गंभीर दुखापत भारतीय न्याय संहितेच्या 116 मध्ये, आणि त्यातली तीव्र वेदना राहण्याची किंवा रोजची कामं न जमण्याची मुदत आधीच्या 20 दिवसांच्या जागी 15 दिवस झालीय, जुन्या नोट्स वाचून लिहू नका.

आणि पेन दाबून चालवा. दोन-दोन ग्लोव्हजमध्ये पकड सैल व्हायची, कार्बनची तिसरी कॉपी अगदी फिकट निघायची आणि कोर्टात तीच समोर येऊ शकते. माझी साक्ष सल्फासच्याच एका केसमध्ये दोन वर्षांनी झाली, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. पेशंटचा चेहरा आठवत नव्हता. वकिलांनी विचारलं, तोंडाला वास होता का? मी फिकट अक्षरांवर बोट ठेवून ती ओळ वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.