आधी फोटोची पाठ बघा

रत्नागिरीजवळच्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या फोटोंचं काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली. हल्ली इतिहासाची मुलं-मुली सुटीत मदतीला येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "ताई, स्कॅनिंग कधी सुरू करायचं?" स्कॅनिंग अगदी शेवटी. आधी हातात आलेली वस्तू कशाची बनली आहे, ते ओळखायला शिका.

गेल्या गणपतीत एक चाकरमानी कुटुंब गावच्या घरातून माजघरातला फोटो उतरवून घेऊन आलं. आजोबा म्हणाले, "बाय, हे आमचे खापरपणजोबा. सत्तावनच्या बंडाच्या वेळचा फोटो." हे अशक्य नव्हतं. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच माणसाच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची जाहीर घोषणा झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभीही राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. पण घराण्याची आठवण आणि कागद यांत कागदाला आधी विचारावं.

फ्रेम मागून उघडली, फोटो उलटा करून पाठ पाहिली, मग भिंग लावलं. १८५० नंतर चाळीसेक वर्षं कागदी फोटो बहुतांशी अल्ब्युमेनचे असत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेले. हा कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय सरळ राहत नाही, आणि भिंगाखाली त्याचे तंतू स्पष्ट दिसतात. नंतरच्या फोटोंवर जिलेटिनचा, म्हणजे हाडं-कातड्यांतून काढलेल्या सरसासारख्या पदार्थाचा थर असतो. अशा जिलेटिनच्या कागदात मधे बॅरायटा नावाच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो, तो तंतू झाकून टाकतो. आमच्या फोटोत एकही तंतू दिसेना. उजेडात तिरका धरला तर कडेच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक आली, तीही जिलेटिनकडेच बोट दाखवत होती. जिलेटिनचा कागद वापरात आला तो १८८० नंतर, तेव्हा ही प्रत सत्तावनची असूच शकत नव्हती.

मग चारही कोपऱ्यांत बारीक गोल काळे ठिपके दिसले. बोट फिरवून पाहिलं, कागद गुळगुळीत, भोक नाही. ते टाचण्यांचे ठिपके चित्रात होते. म्हणजे कुणीतरी जुना फोटो फळीवर टाचण्यांनी ठोकून त्याचा फोटो काढला होता. आजोबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे खरा फोटो कुठंतरी होता."

हे सगळं शिकताना माझ्या हातून एक नुकसान झालं, तेही सांगते. पहिल्याच वर्षी, ऐन श्रावणात, काचेला चिकटलेला एक लग्नातला फोटो मी हलकेच ओढला. नवरीचा चेहरा काचेवरच राहिला. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते, जिलेटिन ते पाणी पितं, मऊ होतं आणि काचेला धरून बसतं. त्या घरच्या बाई मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. आता असा फोटो आला की काचेसकट तसाच ठेवते, वरून एक फोटो काढून घेते आणि जतनतज्ज्ञांकडे पाठवते. तुम्हीही ओढू नका.

बाकी सवयी चार दिवसांत अंगवळणी पडतात. हातमोजे घाला. काचेच्या निगेटिव्हची कमी चकाकणारी बाजू चित्राची असते, तिला हात लावू नका, आणि काचा आडव्या रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्यातली ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म सडू लागली आहे, ती लगेच वेगळी काढा. जुनी नायट्रेट फिल्म तर पेट घेते, तिच्याबद्दल शंका आली तरी वरिष्ठांना बोलवा. फोटो आम्लरहित कागदात ठेवा. कसर आणि बुरशीसाठी कपाटात डांबरगोळ्या टाकून मोकळं होऊ नका, दर आठवड्याला पेट्या उघडून बघा. जून ते सप्टेंबर मी दुसरं कुठलंही मोठं काम हाती घेत नाही.

शिक्षण हवं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात. मी स्वतः आधी काम आणि मग अभ्यासक्रम असं उलटं केलं, त्यात माझी दोन वर्षं वाया गेली असं मला वाटतं. रसायनशास्त्र थोडं तरी येऊ द्या. चांदीचे क्षार, जिलेटिन, गंधक हे शब्द अडले तर सगळंच अडतं.

त्या कुटुंबाच्या गिरगावच्या खोलीत दोन ट्रंका अजून उघडायच्या आहेत, आजोबा दिवाळीनंतर जाणार आहेत. नोंदवहीत त्यांच्या फोटोसमोर मी "नंतरची प्रत, मूळ फोटोचा शोध चालू" असं लिहिलंय आणि खालची ओळ मोकळी ठेवली आहे.