आधी पाय रोवा, मग वजन वाढवा

भरतीच्या तयारीला लागलेली पोरं मिळेल त्या वजनावर सुरुवात करतात: वाळूचा कट्टा, पाण्याची कॅन, व्यायामशाळेतला गंजका बार. वजन किती, याची चर्चा रोज होते. पण ते उचलताना अंग किती स्थिर आहे, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. कोणत्या स्नायूवर किती काम पडणार, हे बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

आधार पक्का असला की मोठे स्नायू पूर्ण जोर लावतात. तो डगमगला की पोट, कंबर, घोटे, खांद्याभोवतीचे लहान स्नायू तोल सावरण्यात गुंततात, सांध्याच्या पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळतात आणि उचलता येणारं वजन घटतं. म्हणून कापसाच्या गादीवर काढलेल्या बैठकांत पाय थरथरतात खूप, पण मांड्यांची ताकद वाढायला लागतो तेवढा भार मिळत नाही.

जागा सारवलेल्या कोरड्या अंगणाची किंवा सिमेंटच्या ओट्याची घ्या. नांगरलेल्या काळ्या मातीत टाच खचते आणि गुडघा आत वळतो. स्लिपर काढा. पळायचे जाड, मऊ तळाचे बूटही नकोत, अनवाणी बरं.

बैठकीसाठी मागे घट्ट, न हलणारी बाज ठेवा. पाय खांद्याएवढे फाकवा. टाच, अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा, तिन्ही जमिनीला टेकलेले हवेत. १० किलो वाळू कट्ट्यात गच्च बांधून छातीशी धरा (सैल बांधली तर ती एका बाजूला सरकते). बाजेला टेकेपर्यंत खाली जा, अंग न सोडता उठा. ८ ते १० वेळा, ३ फेऱ्या, मध्ये २ मिनिटं आराम. फेरी संपताना आणखी दोन बैठका निघाल्या असत्या, इतपतच वजन असावं.

पाण्याच्या कॅनचं गणित वेगळं. २० लिटरची कॅन अर्धी भरली की वजन १० किलोच, पण पाणी हेलकावे खातं आणि प्रत्येक हेलकाव्याला कंबर सावरावी लागते. हलकी म्हणून नवखे हीच उचलतात! त्यापेक्षा तेलाच्या ५ लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये कोरडी वाळू ठासा. साधारण ७ ते ८ किलो होते आणि आत काही हलत नाही.

पाठीसाठी एक हात ओट्यावर टेकवून दुसऱ्या हातानं ही कॅन कमरेकडे ओढा. टेकू न घेता वाकून ओढली तर पाठीआधी कंबर थकते. छातीसाठी जमिनीवर उताणं पडून वजन वर ढकला.

मशीनवर वजनाची वाट रुळानं ठरलेली असते, तोल तुम्हाला सांभाळावा लागत नाही. मशीनवर ३० किलो जमले म्हणून मोकळ्या बारलाही तेवढेच लावू नका. बारचं वजन धरून एकूण २० पासून सुरुवात करा.

सहा-आठ आठवडे असं झाल्यावर स्थिरता कमी करा, पण एका वेळी एकच गोष्ट. आधी बाज काढा. मग एक पाय मागे टाकून बैठका, वजन निम्मं. अर्ध्या भरलेल्या कॅनची पाळी त्यानंतर: एका हातात घेऊन २० ते ३० पावलं चाला, तीही मुख्य व्यायाम झाल्यावरच, कारण पोट-कंबर आधीच थकली तर जड बैठकीत पाठ गोल होते. चालताना अंग एका बाजूला झुकायला लागलं की कॅन खाली ठेवून हात बदला.