मज्जारज्जूतला सारकॉइडोसिस: या चुका टाळा

वर्षातून एकदा-दोनदा तीच फाइल माझ्या टेबलावर येते, नाव तेवढं वेगळं. पायांना मुंग्या, चालताना तोल जातो, लघवी अडते. एमआरआयमध्ये तीन-चार मणक्यांएवढा लांब पांढरा पट्टा आणि खाली शिक्का: 'ट्रान्सव्हर्स मायलायटिस', म्हणजे मज्जारज्जूला आलेली सूज. ती कशामुळे आली, हे कुणी विचारलेलंच नसतं. एक कारण सारकॉइडोसिस: दाहक पेशींचे बारीक पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, वेगवेगळ्या अवयवांत तयार करणारा आजार.

माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे तपासण्यांआधी स्टेरॉइड. काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक एसटी कंडक्टर आले होते. डाव्या पायातली चप्पल कधी गळाली हे त्यांना कळायचं नाही, मागून मुलगा उचलून आणायचा. आधीच्या ठिकाणी पहिल्याच रात्री मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू, रोज एक ग्रॅम, पाच दिवस. आठवड्यात काठी सुटली, सगळे खूश. गोळ्या भराभर उतरवून दीड महिन्यात बंद केल्या आणि पाय पुन्हा गेले. पुन्हा स्टेरॉइड. मग कुठे छातीचा सीटी झाला, तर फुप्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडे गाठी! श्वासनलिकेतून दुर्बिणीने सुई घातली, पण नमुन्यात ग्रॅन्युलोमा नाही. स्टेरॉइडने पुरावा पुसला होता, असं मी आजही मानतो.

त्यावर कुणीतरी म्हणालं, "टीबी असेल, एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघू." या 'देऊन बघू'चा मला मनस्वी तिटकारा आहे. टीबीची शंका आपल्याकडे रास्तच, पण नमुना सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला न पाठवता? शिवाय एकेटीतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीचा, फडशा लवकर पाडतं, त्यामुळे गोळी पोटात जाते पण पुरेशी लागू पडत नाही. महिन्याभरात कंडक्टर व्हीलचेअरवर. माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पत्नीने सहज सांगितलं, "गुडघ्यावरचा लहानपणीचा वण हल्ली लाल होऊन फुगलाय, डॉक्टर." त्या वणाचा तुकडा काढला. केसिएशन (टीबीत मधोमध दिसणारी सड) नसलेले ग्रॅन्युलोमा, सीबीनॅट निगेटिव्ह, पुढे कल्चरही निगेटिव्ह. इतके महिने उत्तर पँटच्या आत होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: पेशंटचे कपडे उतरवून जुने वण, काखा, मान, कानाखालच्या लाळग्रंथी बघायच्या, डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. पाय झपाट्याने जात असतील तर स्टेरॉइड अडवून ठेवायचं नाही. पण पाठीतलं पाणी, अॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीचं (मज्जारज्जू सुजवणाऱ्या एनएमओ या दुसऱ्या आजारासाठीचं) रक्त आणि छातीचा सीटी हे पहिल्या डोसआधी काही तासांत उरकतं. सीटीत काही नसेल तर पेट स्कॅन, म्हणजे सुई कुठे घालायची ते कळतं. मज्जारज्जूचाच तुकडा काढणं अगदी शेवटी. मज्जासंस्थेतल्या सारकॉइडोसिसच्या 2018च्या निकषांत मज्जासंस्थेतला तुकडा मिळाला तर 'डेफिनिट', शरीरात इतरत्र मिळाला तर 'प्रोबेबल'. मला प्रोबेबल पुरतं. 'डेफिनिट'साठी पेशंटचे पाय पणाला लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

दुसरी चूक: पैसे वाचवायला कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. इथे खरी गोष्ट गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, शिरेतून दिल्यावरच दिसते. मज्जारज्जूच्या मागच्या पृष्ठभागाला चिकटून एक पट्टी चमकते, मधली नलिकाही चमकली तर आडव्या छेदात त्रिशूळ उमटतो. त्रिशूळ नाही म्हणून सारकॉइडोसिस नाही, असं मात्र नव्हे. आणि ही चमक दोन महिन्यांनंतरही रेंगाळली तर सारकॉइडोसिसचा संशय वाढवा. म्हणून फक्त रिपोर्ट नको, फिल्म मागा आणि आडवे छेद स्वतः बघा.

बाकीच्या थोडक्यात. रक्तातला एसीई (सारकॉइडोसिसमध्ये वाढू शकणारं एक एन्झाइम) नॉर्मल आला म्हणून सारकॉइडोसिस बाद करू नका, ती तपासणी मी आता मागवतही नाही. मॅन्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका, या आजारात ती बऱ्याचदा विझलेली असते. मानेत गादी सरकलेली दिसली की लगेच ऑपरेशन नको, दाबाच्या मानाने सूज फार लांब असेल तर थांबा. कॅल्शियम न बघता ड जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहू नका, सारकॉइडोसिसमध्ये कॅल्शियम आधीच चढलेलं असू शकतं.

आणि स्टेरॉइड उतरवायची घाई करू नका. कंडक्टरांना प्रेडनिसोलोनसोबत मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं, डोस कमी करायला वर्षाहून जास्त लागलं. मध्ये दोनदा त्यांनी विचारलं, "आता बंद करू का?" दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आता ते डेपोत बसून काम करतात, आणि चप्पल पट्ट्याची घालतात.