जुनं फीचर काढताय? या चुका टाळा

आमच्या एका पायथॉन प्रोजेक्टमध्ये तारखा वाचणारं जुनं फंक्शन होतं. नवं लिहिलं, जुन्याला डेप्रिकेशन वॉर्निंग (‘हे पुढे जाणार, वापरू नका’ असा इशारा) लावली, आठ महिने थांबलो. कुणी ओरडलं नाही, म्हणून काढून टाकलं. पुढच्या १ तारखेला हिशोबाचा मासिक रिपोर्ट निघालाच नाही. ती टीम म्हणे, “आधी सांगायचं ना!” आम्ही म्हटलं, सांगितलं होतं की. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पायथॉन ही वॉर्निंग सहसा दाखवतच नाही. २.७ आणि ३.२ पासून ती लपवलेली असते. २०१८ च्या ३.७ पासून थोडी सूट मिळाली, पण थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टच्या नावावर ती पडली तरच दिसते. आमची तिथेही पडत नव्हती, कारण वॉर्निंग देताना ‘स्टॅकलेव्हल’ (वॉर्निंग कुणाच्या ओळीवर दाखवायची ते सांगणारा आकडा) लिहायचं राहिलं होतं. न लिहिल्यास तो १ धरला जातो आणि बोट लायब्ररीच्याच ओळीकडे जातं. भाडं थकल्याची नोटीस घरमालकाने स्वतःच्याच दारावर चिकटवावी, तसं. २ लिहिलं की फंक्शन वापरणाऱ्याची फाइल आणि ओळ येते. मध्ये डेकोरेटरचा रॅपर (फंक्शनभोवती गुंडाळलेलं दुसरं फंक्शन) असेल तर बहुधा ३ लागतो. अंदाजाने आकडा टाकू नका, एक टेस्ट लिहून कुठली फाइल येते ते बघा.

वॉर्निंगचा मजकूरही तपासा. ‘हे फंक्शन डेप्रिकेटेड आहे’ एवढं वाचून कुणी काय करायचं? त्याऐवजी काय वापरायचं, कुठल्या आवृत्तीत हे जाणार आणि नव्याचं वागणं कुठे वेगळं आहे, हे तिथेच लिहा.

सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) अशा वॉर्निंगला एरर करणं चांगलं, पण सरसकट नको. परक्या पॅकेजांच्या वॉर्निंगने बिल्ड लाल (नापास) होतं आणि दोन दिवसांत कुणीतरी सगळंच बंद करतं. फिल्टर आपल्या मॉड्यूलपुरता ठेवा.

“रेपोत (कोडच्या साठ्यात) शोधलं, वापर कुठेच नाही.” हे वाक्य मीही म्हटलंय. कॉन्फिगमध्ये स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून लिहिलेलं नाव, कुणाच्या क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) दहा ओळींची स्क्रिप्ट, दुसऱ्या टीमचा रेपो, यांतलं काहीच त्या शोधात सापडत नाही. फंक्शनमध्ये लॉगची एक ओळ टाका आणि कामाचं एक पूर्ण चक्र जाऊ द्या. आपल्याकडे ३१ मार्चला वर्षातून एकदाच चालणारा कोड असतो. जूनमध्ये लॉग लावून ऑक्टोबरमध्ये निकाल देऊ नका.

मोठ्या बदलात जुनं आणि नवं काही काळ एकाच कोडमध्ये चालायला हवं. पायथॉन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हा स्ट्रिंगआधीचं ‘यू’ अक्षर (पायथॉन २ मधली युनिकोड मजकुराची खूण) काढलेलं होतं. त्या एका अक्षरापायी दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिणं जिकिरीचं झालं. शेवटी २०१२ च्या ३.३ मध्ये ते परत आणावं लागलं. पायथॉन २ चा आधार २०१५ मध्ये संपणार होता, तोही १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवला.

मुदत वाढवण्यात गैर काही नाही, पण दरवेळी गुपचूप वाढवली तर पुढची तारीख कुणी मनावर घेत नाही. ‘कलेक्शन्स’ मॉड्यूलमधली ‘मॅपिंग’सारखी जुनी नावं ३.९ मध्ये जाणार होती. ती आणखी एका आवृत्तीपुरती ठेवली, पण ही शेवटची आवृत्ती असं स्पष्ट लिहून. ३.१० मध्ये ती गेली. मला ही पद्धत पटते.

आणि काढून टाकण्याचं काम वेगळ्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) करा. त्या १ तारखेला आम्ही कमिट रिव्हर्ट करायला (मागे घ्यायला) गेलो, तर त्यातच चाळीस फाइलींचं फॉरमॅटिंग होतं. कॉन्फ्लिक्ट सोडवत फंक्शन परत येईपर्यंत दुपारचे तीन वाजले, आणि हिशोबवाले तोवर एक्सेलमध्ये हाताने आकडे भरत बसले होते.