डोळ्याच्या पडद्याची तपासणी आहे? शुगरवाल्यांनी निघायच्या आधी हे बघा

शुगरमुळे पडद्यावर सुरुवातीचे बदल आहेत असं एकदा सांगून झालंय आणि आता पुढची तपासणी जवळ आलीये, तर आधी उठून जुने फोटो शोधा. फंडस फोटो म्हणजे पडद्याचे फोटो, आणि ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, दोन्ही डोळ्यांचे. चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी नाही, फोटो! मागच्या वेळी माझे घरीच राहिले, डॉक्टरांनी बघितलं, बदल आहेत म्हणाले, पण ते आधीइतकेच आहेत का वाढलेत हे कशावरून सांगणार? या टप्प्यात बारीक रक्तवाहिन्यांवर फुगे येतात, कुठे रक्ताचे ठिपके असतात आणि नजर मात्र ६/६ असू शकते. म्हणजे "मला तर नीट दिसतंय" याला इथे काही अर्थ नाही. जुनं नवं शेजारी ठेवूनच कळतं.

गोळ्यांची यादी घ्या, ते माहीतच असेल. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर मुद्दाम सांगा, त्याने अंगात पाणी धरतं आणि पडद्याच्या मधल्या भागावर सूज येऊ शकते. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, नुसती शेवटची नको, मागच्या दोन-तीन तारखांसकट, कारण खूप वाढलेली शुगर झपाट्याने खाली आणली की पडद्यावरचे बदल काही काळ उलट वाढू शकतात, हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. म्हणून शुगर कमी करणं थांबवायचं नाही हं, लांबचा फायदा त्यातच आहे. बीपी, किडनी, कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट. प्रेग्नन्सी असेल किंवा ठरवत असाल तर आधीच सांगा, त्या काळात हे लवकर वाढू शकतं. आणि फोटो ठेवले का पिशवीत? आत्ता ठेवा, सकाळी नाही.

बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालतात, त्यानंतर चार ते सहा तास, कधी जास्तही, अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी न्या, गॉगल घ्या. काचबिंदूचा त्रास असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद आहे असं कोणी सांगितलं असेल तर ड्रॉपच्या आधी बोला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा: ड्रॉपनंतर जवळचं वाचता येत नाही, म्हणजे पेनवरचे युनिट दिसत नाहीत, अंदाजाने डोस फिरवायचा नाही, सोबतच्या माणसाला वाचायला लावा.

शुगर वरखाली होत असेल तर त्याच फेरीत नवा चष्मा करू नका, नंबर बदलत राहतो, पैसे वाया.

आत गेल्यावर तीनच प्रश्न. कोणती स्टेज, मधल्या भागात म्हणजे मॅक्युलावर सूज आहे का, परत कधी यायचं. सौम्य टप्पा असेल आणि सूज नसेल तर साधारणपणे लेझर किंवा इंजेक्शन लागत नाही, शुगर आणि बीपी ताब्यात ठेवणं हाच उपचार. म्हणून काही केलंच नाही असं समजून पुढची फेरी बुडवणारे खूप असतात, तसं करू नका प्लीज. निघताना आज काढलेले फोटो मागून घ्या, फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर, तारीख दिसेल असे. नुसता रिपोर्टचा कागद देतात, तेवढ्यावर निघू नका. फोटो हवेत.

घरी अ‍ॅम्सलर चार्ट, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटींचा कागद, एकेक डोळा झाकून बघा, रेघा वाकड्या दिसल्या तर फोन करा. सिगारेट बंद. पुढची तारीख तिथेच. अचानक काळे ठिपके, चमका, किंवा नजरेवर कोणी पडदा ओढल्यासारखं झालं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.