रणजीच्या प्रशिक्षकांची क्रमवारी लावायची कशी?

नागपुरात रणजीचा विषय निघाला की सर्वोत्तम प्रशिक्षक कोण, यावरून लगेच जुंपते. जो तो चषक मोजायला लागतो. चषक मोजावेतच, पण सगळ्यात शेवटी. सिव्हिल लाईन्सच्या जुन्या मैदानापासून जामठ्याच्या नव्या मैदानापर्यंत मी विदर्भाचे सामने बघत आलोय. त्यातून बसलेली माझी पद्धत सांगतो.

आधी लिहा, प्रशिक्षकाच्या हाती काय आलं होतं. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. चंद्रकांत पंडित 2017 मध्ये आले तोवर आपण एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. त्याच मोसमात इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पुढच्या वर्षी चषक राखलाही. मुंबईला त्यांनी तीनदा जिंकून दिलं (2002-03, 2003-04, 2015-16), पण मुंबईला जिंकायची सवय आधीपासूनच होती. म्हणून माझ्या वहीत विदर्भाचे दोन चषक मुंबईच्या तीनपेक्षा जड. 2021-22 मध्ये पंडितांच्याच मध्य प्रदेशने अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं, तेही आवेश खान आणि वेंकटेश अय्यर हे बिनीचे खेळाडू नसताना. हा चषकही त्याच तोलाचा.

मग श्रेयाची वाटणी करा, इथे घाई नको. 2017-18 च्या संघात वसीम जाफरसारखा पाहुणा खेळाडू होता, कर्णधार फैज फजल होता, गोलंदाजीसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. सगळं पंडितांच्या नावावर टाकलं तर या मंडळींवर अन्याय होतो. मी जुने धावफलक काढून बघतो, की घरचा कोणता पोरगा या प्रशिक्षकाच्या हाताखाली वर आला. कोलकात्याचा कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना घ्या. शेवटच्या सकाळी त्यांना 87 धावा हव्या होत्या, तीन गडी हातात होते. शेपटाने चिवट झुंज दिली, तरी आपण पाच धावांनी जिंकलो. रजनीश गुरबानीने त्या डावात सात आणि सामन्यात बारा बळी घेतले. अशा क्षणी नवख्या पोराच्या हाती चेंडू देऊन त्याच्यावर भरवसा ठेवणं, याला माझ्याकडे भरपूर गुण.

प्रशिक्षक गेल्यावर काय उरलं, तेही बघा. पंडितांनंतर विदर्भाची गाडी थोडी घसरली. उस्मान घनी हे विदर्भाचेच जुने खेळाडू. त्यांच्या हाताखाली संघ 2023-24 मध्ये उपविजेता आणि 2024-25 मध्ये विजेता झाला. त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेतले, एका मोसमातला तो रणजीचा विक्रम. यश राठोड आणि दानिश मालेवार हेही इथलेच. करुण नायर बाहेरून आला होता आणि त्याच्या धावा मोलाच्या ठरल्या, तरी संघाचा कणा घरचाच होता.

हरलेल्यांनाही यादीत जागा ठेवा. अमय खुरासियांचा केरळ त्याच मोसमात पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो, आणि केरळची आघाडी जम्मू-काश्मीरवर एका धावेची, गुजरातवर दोन धावांची. यात नशीब आहेच. पण जम्मू-काश्मीरविरुद्धच्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात सलमान निझार आणि बासिल थम्पी यांनी शेवटच्या गड्यासाठी 81 धावा जोडल्या, आणि चौथ्या डावात 399 च्या लक्ष्यापुढे पूर्ण संघ चिकटून राहिला. अशी चिकाटी सरावात घटवून घ्यावी लागते. जामठ्याचा अंतिम सामनाही अनिर्णितच सुटला, आपण 37 धावांच्या आघाडीवर चषक घेतला. केरळ त्या मोसमात एकही सामना हरला नाही.

आता चषक मोजा, आणि फक्त बरोबरी सोडवण्यापुरते. नीरज ओडेद्रांच्या सौराष्ट्रने 2022-23 मध्ये ईडन गार्डन्सवरच्या अंतिम सामन्यात बंगालला हरवलं, पण तो संघ तीनच वर्षांपूर्वी विजेता झालेला होता. त्यामुळे माझी यादी अशी: पंडित, घनी, खुरासिया, ओडेद्रा. घनी आणि खुरासिया यांच्यात फरक अगदी थोडा आहे. तिरुवनंतपुरमचा कोणी उलटा क्रम लावून आला, तर मी त्याच्याशी हुज्जत घालणार नाही, त्याचे धावफलक मागून घेईन.