बिनसाखरेच्या चहा-कॉफीने शुगर वाढते का, घरीच कसं बघायचं

डायबेटीस निघाला की चहातली साखर बंद होते आणि मग आपण निर्धास्त, आता कितीही कप चालतील. मी पण तेच केलं, दिवसाला सहा-सहा कप, सगळे फिके, आणि आकडा काही खाली यायला तयार नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं की साखरेशिवाय कपात अजून एक भिडू आहे, कॅफिन.

होतं असं की कॅफिनमुळे अॅड्रिनलिन वाढतं, त्यामुळे लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि वर इन्सुलिनचं कामही तेवढ्यापुरतं ढिलं पडतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीने टाइप टू असलेल्या, रोज कॉफी पिणाऱ्या १० जणांना दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅफिनच्या गोळ्या देऊन बघितलं, तर दिवसभराची सरासरी शुगर ८ टक्क्यांनी वर गेली आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २६ टक्क्यांनी. पण १० म्हणजे फारच थोडी माणसं, आणि ५०० हा डोसही दणदणीत आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२४ मध्ये दिवसाला ३०० ची मर्यादा सांगितलीय आणि त्यांच्याच हिशोबाने १५० मिलीच्या कपात चहाचं ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीचं ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीचं ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणून दोन कप चहावाल्यांनी लगेच घाबरायचं कारण नाही. शिवाय प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजारच्या काकांना काही होत नाही म्हणून आपल्याला होणार नाही असं नाही, त्यामुळे सरळ ग्लुकोमीटर काढायचा.

पण त्याआधी एक, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटीचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

पहिल्या दिवशी उठल्यावर हात साबणाने धुवून, नीट पुसून रीडिंग घ्या (बोटाला बिस्किटाचा चुरा किंवा फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा वर जातो, हसू नका, माझं झालंय). मग कोरी कॉफी, दूध नाही साखर नाही, आणि तासाभराने परत रीडिंग, मधे काहीही खायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, सगळं तेच, फक्त कॉफीच्या जागी कोमट पाणी. हा पाण्याचा दिवस लोक गाळतात आणि तिथेच फसतात, कारण पहाटेच्या हार्मोन्समुळे बऱ्याच जणांची शुगर सकाळी आपोआपच चढते आणि बिचाऱ्या कॉफीवर आळ येतो.

यानंतर नाश्त्याबरोबर बघायचं, खरी गंमत तिथे आहे. एक दिवस पोहे आणि कॉफी, एक दिवस तेवढेच पोहे, म्हणजे वाटीने मोजून, आणि पाणी. पहिल्या घासापासून दोन तासांनी रीडिंग. प्रत्येक जोडी निदान तीनदा करा, आणि रात्री झोप नीट झाली नसेल तर तो दिवस सोडून द्या, अपुऱ्या झोपेनेही शुगर बिघडते. ग्लुकोमीटरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून १४० चे १५० झाले तर तो फरक धरूच नका. दरवेळी ३०-४० ने वर जात असेल तर मात्र कॉफी नाश्त्यापासून लांब न्या किंवा कप कमी करा.

दुधाच्या चहाचा हिशोब वेगळा. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम नैसर्गिक साखर असतेच, आणि सोबत दोन बटर किंवा खारी असेल तर कॅफिनला दोष देण्यात अर्थ नाही, मैदा समोरच बसलाय.

कुणी म्हणेल की कॉफी पिणाऱ्यांना डायबेटीस कमी होतो असं वाचलंय. बरोबर आहे, बऱ्याच अभ्यासात तसं दिसलंय, पण डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, पिणाऱ्यांमध्येही दिसलंय, म्हणजे ती करामत बहुतेक कॅफिनची नाहीच. आणि तो प्रश्न डायबेटीस न झालेल्यांचा, आपली गाडी पुढच्या स्टेशनात आहे.

कप कमी करायचे ठरले तर दोन-तीन दिवसांआड एकेक करून करा, एकदम सोडले की डोकं असं ठणकतं की तिसऱ्या दिवशी माणूस टपरीवर दोन कटिंग मारून येतो. सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करा, कारण निम्मं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात आणि रात्रीची झोप बिघडते. आणि लॅबमध्ये फास्टिंगचं रक्त द्यायच्या आधी कोरा चहासुद्धा नाही, फक्त पाणी.